वगळलेले दोन नमुने

भट्टीत भाजल्या जाणाऱ्या मातीला वास असतो आणि तो गावागणिक बदलतो. पंचगंगेकाठची काळी माती आधी ओल्या गोणपाटाचा वास सोडते, मग जळलेल्या केसांचा. आजऱ्याकडच्या काजूबागेतली माती भाजताना तेलकट, किंचित गोडसर धूर घशात उतरतो. गारगोटीच्या वरच्या अंगाची जांभ्याची तांबडी माती फार बोलत नाही. तिच्यात मुळे कमी, पाचोळा कमी. तव्यावर विसरलेल्या नाचणीच्या भाकरीचा वास क्षणभर येतो आणि विरतो. साडेचारशे अंशांच्या पुढे मात्र सगळी माती एकसारखी होते. वास संपतो, उरते ती कोरडी विटकरी पूड. त्या पुडीत, कुठल्याही वजनकाट्याला कळणार नाही इतके थोडे, प्लुटोनियम असते. अठ्ठावीस वर्षे मी ते शोधण्याची नोकरी केली.

या अंकाच्या संपादकांनी मला ‘धोक्याच्या सान्निध्यातील आयुष्य’ असा विषय सुचवला होता. त्यांची निराशा होणार आहे. माझ्या प्रयोगशाळेत सर्वांत धोक्याची गोष्ट होती ती नत्राम्लाची बाटली, आणि दुसरी, पावसाळ्यात शेवाळलेला मागचा जिना. ज्या धातूसाठी मी पगार घेतला तो मी कधीही डोळ्यांनी पाहिला नाही. पुस्तके सांगतात की द्रावणात त्याला अनेक रंग असतात: एका अवस्थेत निळसर जांभळा, दुसऱ्या अवस्थेत पिवळट तपकिरी, मग गुलाबी, मग नारिंगी. रंगांची ही यादी मी तोंडपाठ केली होती. माझ्या नळ्यांतून मात्र आयुष्यभर पाण्यासारखेच काहीतरी टपकत राहिले.

हे प्लुटोनियम कोल्हापूर जिल्ह्यात आले कसे, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. आभाळातून आले. माझ्या जन्माच्या आधी आणि आसपास, पन्नास-साठच्या दशकांत, मोठ्या देशांनी उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या घेतल्या. त्यांची बारीक धूळ फार उंच गेली, पृथ्वीभोवती फिरली आणि वर्षानुवर्षे पावसाबरोबर उतरत राहिली. जिथे पाऊस जास्त तिथे ती जास्त उतरली. म्हणून घाटाकडच्या तालुक्यांत थोडी अधिक, पूर्वेकडच्या माळावर थोडी कमी. तुमच्या अंगणात आहे, माझ्या तुळशीच्या कुंडीत आहे. तिने कुणाचे काही बिघडवावे इतकी ती नाही. पण नाही असेही नाही. या दोन वाक्यांमधली जागा लोकांना समजावून सांगण्यात माझे निम्मे आयुष्य गेले.

उतरल्यावर ते काय करते? चिकटते. आमच्या जैन घरात विहिरीचे पाणी दुहेरी कापडातून गाळून घेत. पाणी खाली घागरीत, जे काही जीवजंतू-कचरा असेल ते कापडावर. आई ते कापड उलटे करून स्वच्छ पाण्याने हलकेच धुई आणि ते पाणी पुन्हा त्याच विहिरीत सोडून येई. जे जिथले ते तिथे. प्लुटोनियम हे कापडावर राहणाऱ्यांतले आहे. चिकणमातीचा कण, लोखंडाच्या गंजाचा लेप, कुजलेल्या पानाचा अंश, जे मिळेल त्याला ते घट्ट धरते. अगदी थोडे पाण्यात विरघळते, थोडे अतिसूक्ष्म कणांवर स्वार होऊन ओढ्यातून पुढे जाते. बाकीचे साठ वर्षांनंतरही वरच्या वीतभर मातीतच सापडते. पिकांची मुळे त्याला जवळपास आत घेतच नाहीत. पालेभाजीवर सापडले तर ते पानात नसते, पानावर उडालेल्या चिखलात असते. भाजी धुतली की गेले. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्यातले निम्मे विरून जायला लागणारा काळ, चोवीस हजार वर्षांचे; म्हणजे माणसाच्या हिशेबात ते कुठेच जाणार नाही. जाते ती माती. माती जाईल तिकडे ते जाते.

हेच मी एकदा शहरातल्या एका जुन्या तालमीच्या वस्तादांना सांगत होते. ते वर्तमानपत्रातली काहीतरी बातमी वाचून पंच्यात मूठभर माती बांधून प्रयोगशाळेत आले होते. दारातूनच म्हणाले, “बाई, ह्यात बॉम्ब हाय का न्हाय तेवढं बघून द्या.”

“बॉम्ब नाही वस्ताद. बॉम्बची धूळ असेल. सगळ्या जगात आहे.”

“जगाचं सोडा. माझ्या हौद्यात पोरं लोळत्यात.”

मी सांगितले, कातडीतून ते आत शिरत नाही. पोटात गेले तरी बहुतेक सगळे तसेच बाहेर पडते. श्वासातून फुप्फुसात गेले, आणि पुष्कळ गेले, तर मात्र ते हलत नाही. तिथून हाडांत आणि यकृतात जाऊन बसते. पण कुस्तीच्या हौद्यातल्या मातीत आहे त्याने ते व्हायचे नाही. “आणि तुम्ही हौद्यात ताक घालता ना? मग धूळ तरी कुठे उडते?”

“ताक घालतोय, तेल घालतोय, हळद, लिंबू, समदं घालतोय,” वस्ताद पंचा झटकत म्हणाले. “त्यात तुमचं ह्ये एक आनखी. पचवत्यात पोरं.”

ती माती मी हौसेने तपासली. रोज खोऱ्याने उलथीपालथी होणारा हौदा वरपासून तळापर्यंत सारखाच निघाला. न नांगरलेल्या जमिनीत वर दाट आणि खाली विरळ अशी जी चढती-उतरती लय दिसते ती तिथे नव्हती. माणसाच्या हाताने ती मोडली होती. तेव्हाच मला एक गोष्ट शिकता आली असती. मी ती नोंदवहीत उतरवली आणि विसरले.

आता आमच्या खऱ्या कामाकडे वळते. मातीला चिकटून राहणारी, एका परिसरात आभाळातून सगळीकडे सारखीच पडलेली आणि ठरावीक काळात पडलेली अशी एखादी खूण मिळाली तर तिचा उपयोग साक्षीदारासारखा होतो. ज्या जागेला नांगर लागला नाही, पाण्याने जी खरवडली नाही, अशी एक सपाट जागा शोधायची. तिथे जेवढे प्लुटोनियम, तेवढे मूळ दान. मग शेतात मोजायचे. मूळ दानापेक्षा कमी निघाले तर तेवढी माती वाहून गेली. जास्त निघाले तर दुसरीकडून येऊन साठली. आणि डोंगर कापून काढलेल्या खोलवरच्या मुरमात ते नसतेच, कारण त्या मुरमाने त्या वर्षांचे आभाळ पाहिलेलेच नसते.

करण्याची रीत सांगायला सोपी, करायला चिवट. पोलादी नळी घणाने जमिनीत ठोकायची, आतला मातीचा दंडगोल काढून थराथराने कापायचा, वाळवायचा, चाळायचा, भट्टीत भाजायचा. मग आम्लात उकळायचा. सुरुवातीलाच त्यात प्लुटोनियमचाच एक वेगळा, मोजून घेतलेला भाऊबंद टाकायचा. वाटेत त्यातला किती हरवला हे शेवटी पाहिले की मातीतल्याचेही किती हरवले ते कळते. द्रावण राळेच्या बारीक मण्यांनी भरलेल्या काचनळीतून थेंब थेंब सोडायचे. प्लुटोनियम मण्यांवर अडकते, बाकीचे निघून जाते. मग त्यालाही तिथून सोडवून पोलादाच्या चकतीवर बसवायचे आणि चकती निर्वात पेटीत ठेवून आठवडाभर मोजत बसायचे. अधूनमधून एखादा कण सुटतो, पडद्यावर एक रेघ उमटते. काही तासांत एखादीच.

त्या संथपणाचा मला कधी कंटाळा आला नाही. माझे वडील, अण्णा, कोडोलीच्या शाळेत मराठी शिकवत. त्यांनी मला वृत्ते बोटांवर शिकवली: लघूला एक पेर, गुरूला दोन. काचनळीतून पडणारे थेंब मी नकळत तसेच मोजत असे. अण्णांचा एक नियम होता. ओळ वाचताना वृत्त मोडले असे वाटले तर कवीला दोष देण्याआधी ती ओळ पुन्हा म्हणायची. दहातल्या नऊ वेळा आपला उच्चार चुकलेला असतो.

दुसरा नियम माझ्या सरांचा. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, बुटके, अतिशय स्वच्छ, खिशात कायम दोन रुमाल. ते म्हणत, “जमिनीच्या मालकाला काही विचारायचं नाही. माणूस आपल्या सोयीचं सांगतो. मातीला विचारायचं.” तंट्याच्या प्रकरणांत हा नियम शहाणपणाचा होता, आणि मी तो मनापासून पाळला.

तंट्याचेच एक प्रकरण गारगोटीच्या वर, डोंगराच्या कुशीतल्या एका गावातून आले. गावाखाली पिण्याच्या पाण्याचा लहानसा तलाव होता आणि तो दरवर्षी गाळाने भरत चालला होता. तलावाच्या बरोबर वर, चढावर, एकच कसलेले रान होते: आक्काचे. वय साठीच्या घरात, नवरा नाही, लेकी लग्न होऊन गेलेल्या. उतारावर एकाखाली एक अशा पाच अरुंद पट्ट्या, प्रत्येकीला दगडी बांध. नाचणी आणि वरी. दुसरे रान नव्हते. तलावाचे काम पाहणाऱ्या खात्याचे म्हणणे असे की उतारावरच्या नांगरटीने माती सुटते आणि ती तलावात येते. म्हणून त्या पट्ट्यांवरची शेती बंद करून तिथे चर खणावेत, झाडे लावावीत. आक्काचे म्हणणे असे की माझी माती माझ्या रानात आहे. कुणाचे खरे, हे प्लुटोनियमने सांगायचे होते.

आम्ही दिवाळीनंतर गेलो. बरोबर दौलूमामा. ते कागदोपत्री प्रयोगशाळेचे मदतनीस. प्रत्यक्षात घण त्यांचा, जीपची किल्ली त्यांची आणि वाटेत चहाला कुठे थांबायचे हा निर्णयही त्यांचाच. मूळ दानासाठी गावाच्या देवराईतली सपाट जागा गुरवाची परवानगी घेऊन निवडली. मग आक्काच्या रानात वरच्या पट्टीपासून नळी ठोकायला सुरुवात केली. पोलादावर पडणाऱ्या घणाचा आवाज समोरच्या कड्यावर जाऊन अर्ध्या मात्रेने उशिरा परत येत होता.

आक्का बांधावर बसून सगळे पाहत होती. काटक बाई, कपाळावर ठसठशीत गोंदण, नाकाशी हिरवा ठिपका.

“पावणं, रान खिळखिळं कराय लागलासा की ओ,” ती दौलूमामांना म्हणाली.

“खिळं न्हवं आक्का, मातीचं रगात काढतोय तपासाय,” दौलूमामा घण टेकवून म्हणाले.

“काढा, काढा. पर सुई लई जाड हाय तुमची.” मग माझ्याकडे वळून, “मॅडम, ह्या वरच्या पट्टीची माती लई वाट चालल्याली हाय. कशी म्हाईत हाय का?”

मी हात वर केला. अगदी सौम्यपणे, हसून. “आक्का, काही सांगू नका. आम्हाला सगळं मातीलाच विचारायचं असतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “बरं,” म्हणाली आणि आंबील आणायला उठली. पितळी तांब्यातली ती गार, आंबूस, जिऱ्याचा वास असलेली आंबील मी दोनदा मागून घेतली. विचारले मात्र काही नाही.

निकाल यायला चार महिने लागले. मधल्या आणि खालच्या पट्ट्यांत प्लुटोनियम कमी; देवराईच्या मूळ दानाच्या जेमतेम निम्मे. उतारावरच्या शेतात हे अपेक्षितच. पण सर्वांत वरच्या पट्टीचे दोन नमुने देवराईच्या अडीचपट निघाले, आणि तेही खोलवर, कोपरभर जाडीत सारखेच मिसळलेले. वरच्या पट्टीच्या वर नुसता कातळ होता. तिथे माती येणार कुठून? माती उताराने खाली येते. प्लुटोनियमला पाय नाहीत. ते डोंगर चढत नाही.

मी आधी काचनळ्यांवर संशय घेतला, मग चकत्यांवर, मग पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांवर. पिशव्यांत माती उरली होती. पुन्हा तपासता आली असती. अहवालाची मुदत तोंडावर आली होती, आणि खरे सांगायचे तर मला तपासायची गरज वाटली नाही. उत्तर मला ठाऊक होते. शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिले: ‘नमुना १ व २ दूषित असण्याची शक्यता. गणनेतून वगळले.’ अण्णांना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. मोडलेली ओळ मी पुन्हा म्हणून पाहिली नाही, खोडली.

वरची पट्टी वगळल्यावर उरलेल्या आकड्यांतून एकच अर्थ निघत होता: या रानाने आपली निम्मी माती गमावली आहे. तलाव तेव्हा काठोकाठ भरलेला होता, त्यामुळे तळाचा गाळ काढता आला नव्हता. काठावर खरवडून घेतलेल्या मातीत प्लुटोनियम निघाले आणि ती रानातूनच आली असणार, असे आम्ही मानले. काठावरची माती म्हणजे बहुधा काठाचीच जुनी माती, हे आमच्या लक्षात यायला हवे होते. सरांनी सही केली. गावात बैठक झाली, येत्या पेरणीपासून आक्काच्या रानात नांगर घालायचा नाही असा ठराव झाला. हे मला दौलूमामांकडून कळले. त्यांची सासुरवाडी त्याच बाजूची.

“आक्काचं रान बंद केलं,” ते जीप पुसता पुसता म्हणाले. “मॅडम, तुमच्या कागदावर.”

मी म्हणाले, कागद मातीचा आहे, माझा नाही. ते काच पुसत राहिले.

वैशाखात तलाव आटला आणि तळाचा गाळ काढण्यासाठी आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. सकाळची वेळ होती. तळ भेगाळलेला, भेगांच्या कडा पापडासारख्या वर वळलेल्या, आणि त्या कोरड्या चिखलाचा मासळीसारखा वास. दौलूमामा नळी ठोकत होते. घणाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या शांततेत मला वरून बायकांचे बोलणे ऐकू आले. मी मान वर केली.

आक्काच्या रानात दहा-बारा बाया होत्या. खालच्या बांधाशी दोघी कुदळीने माती ओढत होत्या, दोघी बुट्ट्या भरत होत्या आणि बाकीच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मातीने भरलेली बुट्टी घेऊन एकामागे एक चढ चढत होत्या. पाचवी पट्टी, चौथी, तिसरी, दुसरी. सर्वांत वरच्या पट्टीत पोचल्या की मान जराशी कलती करून बुट्टी रिकामी करायच्या. माती पडताना फस्स असा मऊ आवाज व्हायचा. मग रिकामी बुट्टी कमरेला लावून, गप्पा मारत खाली.

मी किती वेळ उभी होते ते मला सांगता येणार नाही. चढताना त्यांचे श्वास आखूड पडत होते, उतरताना लांब. लघू, लघू, गुरू. प्लुटोनियम डोंगर चढत होते. माझ्या देखत, बुट्टीबुट्टीने, बायकांच्या डोक्यांवरून.

मी चढून वर गेले. आक्का बुट्टी रिकामी करून पदराने मानेचा घाम पुसत होती.

“आक्का, हे दरवर्षी करता?”

“मग? पावसानं खाली ओडलेली माती बांधाला येऊन बसती. ती वर न्हेली न्हाय तर वरची पट्टी कातळ हुईल. माझी सासू न्हेत हुती, तिची सासू न्हेत हुती. पैरा हाय आमचा. आज माझ्या रानात, उद्या गोदीच्या, परवा शांतीच्या. त्यास्नी माती नुसती बांधावर टाकायची, मला चडानं वर न्ह्याची, एवढाच फरक.”

“पण आक्का, यंदा तर रान…”

“बंद केलंय. ठावं हाय की.” तिने बुट्टी उचलली. “रान बंद झालं म्हनून माती खालीच टाकून द्याची व्हय?”

बाकीच्या बायका थांबल्या होत्या. त्यांच्यातली एक, बहुधा गोदी, मला म्हणाली, “ह्या बाईनंच लिवलंय न्हवं ते?” आक्काने तिला नुसत्या मानेने गप्प केले.

पुढचे सगळे वेगाने झाले असे वाटेल, पण तसे काही झाले नाही. प्लुटोनियमला घाई ठाऊक नसते. उरलेल्या पिशव्या शोधल्या. नमुना एक आणि दोन पुन्हा तपासले. आकडे जवळपास तेच आले. ते दूषित नव्हते. ते त्या रानातले सर्वांत खरे नमुने होते. पाचही पट्ट्यांची बेरीज केली तेव्हा रानातले प्लुटोनियम मूळ दानाच्या थोडेसेच कमी निघाले. खालच्या पट्ट्यांतून हलले होते ते वर होते. आक्काची माती, ती म्हणाली होती तशी, तिच्या रानात होती. तलावाच्या तळाच्या नमुन्यात वरचा हातभर गाळ लालभडक होता आणि त्यात प्लुटोनियम नव्हतेच म्हटले तरी चालेल. त्याच्याखालच्या काळसर थरात मात्र ते होते. म्हणजे अलीकडचा गाळ शेतातला नव्हताच. काही वर्षांपूर्वी तलावाच्या पलीकडच्या अंगाने डोंगर कापून रस्ता काढला होता. त्या कापाचा उघडा मुरूम दर पावसात खाली येत होता.

मी सरांसमोर दोन अहवाल ठेवले, जुना आणि नवा. त्यांनी एका रुमालाने चष्मा पुसला, दुसऱ्याने कपाळ.

“वगळताना मला विचारलं नव्हतंत,” ते म्हणाले.

“नाही सर. सही करताना तुम्हीही शेरा वाचला नव्हतात.”

त्यांनी दोन्ही रुमाल घडी घालून खिशात ठेवले. मग म्हणाले, “नव्या अहवालात ‘पुनर्तपासणी’ असा शब्द वापरू. ‘चूक’ नको. प्रयोगशाळेचं नाव आहे.”

मी ‘चूक’ हाच शब्द ठेवला आणि तिच्याखाली फक्त माझे नाव लिहिले. सरांनी सही केली; माझ्या सेवेतली ती एकमेव सही, जिच्याकडे मी अभिमानाने पाहते. एवढ्या सगळ्याला चार महिने लागले होते. ठराव मागे घ्यायला खात्याला आणखी चार. मधल्या पावसाळ्यात आक्काच्या पाचही पट्ट्यांत नांगर गेला नाही, नाचणीच्या रोपांचा तरवा लागला नाही. एक हंगाम गेला. तो मी कुठल्याही पुनर्तपासणीने परत आणू शकले नाही, आणि तो कुठल्याही अहवालात नोंदलेला नाही. म्हणून तो इथे नोंदवते.

गावच्या शाळेत बैठक झाली तेव्हा मी उभी राहून सांगितले की दोन नमुने मी वगळले होते आणि ते वगळायला नको होते. लोकांनी ऐकले. कुणी रागावले नाही. त्या डोंगराळ गावाला शहरातल्या माणसाच्या चुकीचे फारसे नवल वाटले नाही. आक्का बैठकीला आली नव्हती. ठराव रद्द झाल्याचा कागद घेऊन मी आणि दौलूमामा चढ चढून तिच्या रानात गेलो.

ती वरच्या पट्टीत होती. बांधाचा एक दगड निखळला होता, तो बसवत होती. मी तिच्यासमोर मातीतच बसले. कागद दिला. तिने तो घडी न उलगडता चोळीत ठेवला.

“आक्का,” मी म्हणाले, “ह्या पट्टीतली माती तपासली तेव्हा ती कळशी भरावी तशी भरलेली निघाली. माझा विश्वास बसला नाही. माती कधी वर चढत नाही, असं मला वाटलं. म्हणून मी ह्या पट्टीचा आकडा खोडून टाकला. तुमचं रान त्याच्यामुळं बंद झालं. माझ्या हातानं झालं.”

तिने दगड खोबणीत बसवला. हलतो का ते तळहाताने दाबून पाहिले. दौलूमामा दुसरीकडे बघत उभे होते. खाली तलावात नव्याने पाणी साठले होते आणि त्याच्या पलीकडे रस्त्याच्या कापाची लाल जखम दिसत होती. वाऱ्याला नांगरलेल्या मातीचा वास नव्हता, गवताचा होता. त्या वर्षी त्या रानात गवतच होते.

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. शिवी दिली असती तर मला बरे वाटले असते. पहिल्या दिवशी याच बांधावर बसून ती मला काहीतरी सांगणार होती आणि मी हसून हात वर केला होता, हे आम्हा दोघींनाही आठवत होते.

आक्काने हाताची माती झटकली, माझ्या डोळ्यांत पाहिले आणि म्हणाली, “इचारायचं.”